जवाच्या चहाची किटली आणि चौदा बाटल्या

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे मोजत बसू नका. मी एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे, आणि आबे नदीकाठच्या फुटबॉलच्या मैदानावर पोरांच्या दोन पिढ्या माझं पाणी पिऊन वाढल्या आहेत.

कारखान्यानं मला पोट मोठं दिलं. दर रविवारी, ज्या आईची पाळी असेल ती माझ्यात जवाचा गार चहा भरून आणायची. कुणी पडलं की हाक यायची, "आधी किटली आणा." ते ऐकलं की माझी मान ताठ व्हायची.

मग आयांनी पाळ्याच बंद केल्या. ज्याची त्यानं बाटली आणायची. सडपातळ, रंगीत, गळ्यात दोरी. पोरं त्यांच्यावर चित्रं चिकटवतात. माझ्यावर कुणी कधी चिकटवलं? मी बाकाखाली, हात धुवायच्या पाण्याला. खरं सांगते, मी जळत होते. या नटव्यांची एकदा फजिती व्हावी, असं रोज मनात यायचं.

ऑगस्टातला रविवार होता. पाणी प्यायची शिट्टी झाली. पोरं बाटल्यांवर तुटून पडली. गोल राखणारी इचिका मात्र पलीकडच्या टोकाला तशीच उभी. आदल्या सामन्यात तिच्याकडून तीन गोल सुटले होते, आणि सकाळीच कुणीतरी म्हणालं होतं, "चाळणीला पाणी कशाला?"

तिची बाटली भरलेलीच पडून राहिली, हे मी पाहिलं. आणि मला बरं वाटलं. म्हटलं, मिरवा आता बाटल्या.

खेळ पुन्हा सुरू झाला. तोमिए आजी, पूर्वी पाळीनं मला भरून आणणाऱ्या आयांपैकी एक, उन्हातल्या बाटल्या सावलीत ठेवत होती. एक उचलली आणि थांबून कोचना म्हणाली,

"नागाकुरा, ही कुणाची? भरलेलीच आहे."

"इचिकाची," कोच म्हणाले. "तहान लागली की पिईल, आजी. मोठी झाली आता."

"नऊ वर्षांची मोठी? तू नऊचा होतास तेव्हा मी तुझ्या तोंडाला किटली लावायचे. दोनदा ओकलास माझ्या अंगावर."

"पोरांसमोर नको ना, आजी."

"मग खेळ थांबव."

उत्तराला न थांबता ती निघालीसुद्धा. इचिका खांबाला धरून उभी होती. आजीनं नाव विचारलं, तर पोरीला स्वतःचं नाव सांगता येईना. कोचनी तिला उचलून सावलीत आणली, रुग्णवाहिका बोलावली. माझं सगळं पाणी तिच्या मानेवर, काखांत ओतलं गेलं.

पुढच्या रविवारी ती हसत आली. मला वाटलं, आता माझं नाव निघेल. निघालं बाटलीचं! "हाताला जड लागली म्हणून कळलं," आजी सगळ्यांना सांगत होती. आता पाणी प्यायच्या प्रत्येक सुटीनंतर कोच स्वतः चौदा बाटल्या उचलून बघतात, आणि जी जड लागेल तिच्या मालकाजवळ जाऊन उभे राहतात. "चाळणी" म्हणणाऱ्याला त्यांनी बाजूला घेतलं, तेव्हा तो रडला.

मला कुणी उचलत नाही. जळते मी अजून, खोटं कशाला बोलू? पण पोरगी तहानलेली उभी होती आणि मी खूश झाले होते, ही लाज त्याहून जास्त जाळते.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. शेजारचं पोर प्यायलं का ते बघा, नसेल तर मोठ्यांना हाक मारा. आणि मोठ्यांनो, त्या हाकेला ओ द्या.