वाडीच्या केंद्रावरून

मित्रांनो, माझ्या पोटात सध्या उंदरांचे बिऱ्हाड आहे, तेव्हा बोलताना जरा खुडबुड झाली तर सांभाळून घ्या. मी एक जुना, बॅटरीवर चालणारा रेडिओ आहे. मुंबईच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली आणि १९५७ साली सरकारने मला वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीत, चावडीवर बसवले. खरे सांगतो, मी फार शेफारलो होतो. मी बोलू लागलो की सारी वाडी गप्प बसे!

मला लावण्याचे आणि बंद करण्याचे काम कुंडलिककडे होते. एका शुक्रवारी भजन ऐकून तो घरी गेला, तो मला बंद करायचे विसरूनच. सकाळपर्यंत माझी बॅटरी पार संपली. नवी भोरहून मंगळवारी यायची होती. आणि नेमकी शनिवारी, म्हणजे त्याच संध्याकाळी, वाडीतल्या ठकुबाईची ओवी पुण्याहून लागणार होती! आंबवड्याच्या देवळात रेडिओच्या माणसांनी तिला एकटीला बसवून ती यंत्रावर मुद्रित करून घेतली होती. ठकुबाई म्हणजे जात्यावर एकटीने गाणारी म्हातारी. चारचौघांत कधी तोंड उघडत नसे. वाडीने तिला ऐकायचे ते या एकाच वेळी.

कुंडलिकचा चेहरा पडला. बिरू धनगर म्हणाला, "बॅटरी उनात तापवू. घटकाभर जीव धरल. पर तवर ह्याला हात लावायचा न्हाई." त्याने आपली काळी घोंगडी छपरावर अंथरून तिच्यावर बॅटरी ठेवली.

पण सवय कुठे जाते? दुपारी नेहमीच्या वेळी माणसे जमलीच. सगुणाबाई कुंडलिकला म्हणाल्या, "बंद करायचं तू इसरलास न्हवं? मग आता तूच बोल!"

तो माझ्यामागे बसला आणि घसा खाकरून सुरू झाला, "वाडीच्या केंद्रावरनं बातम्या. चिमाजीची म्हस व्याली. रेडी झाली. दोगी खुशाल हैत." हशा पिकला. बिरूने हवामान सांगितले, "शेरडं निवांत बसल्यात. आज पाऊस न्हाई." सगुणाबाईंनी आंबिलीची कृती सांगितली, ती त्यांच्याच दोन जावांनी मध्येच दुरुस्त केली. इतकी रंगत माझ्या कार्यक्रमांना कधी आली नव्हती. मी जळफळायला हवे होते, पण मीही मनातल्या मनात हसत होतो.

दिवेलागणीला बॅटरी बसवली. ठकुबाई पदर ओढून सर्वांत मागे, खांबाआड बसली. "माजा आवाज ह्या डब्यात कसा मावल?" ती पुटपुटली. निवेदकाने तिचे नाव घेतले आणि ओवी सुरू झाली,

*डोंगराच्या आड बाई, माझ्या भावाचं ग गाव...*

आणि माझा गळा बसला. कुंडलिकने मला थोपटले, हलवले. काही उपयोग नाही! मित्रांनो, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"आत्या, म्या घात केला," कुंडलिक रडवेला होऊन ठकुबाईला म्हणाला.

तेवढ्यात खांबाआडून आवाज आला. बारीक, थरथरता, पण माझ्यातून आला त्याहून कितीतरी गोड.

*वाऱ्या जा रं सांग, त्याला बहिणीचं नाव!*

कोणीही मागे वळून पाहिले नाही. पाहिले तर ती थांबेल, हे सगळ्यांना ठाऊक होते. सारी वाडी माझ्या मुक्या तोंडाकडे बघत बसली आणि ठकुबाई तासभर गात राहिली.

मंगळवारी नवी बॅटरी आली. तरी पुढे दर शनिवारी संध्याकाळी माणसे मला बंद ठेवून माझ्यासमोर बसू लागली, खांबाआडून ठकुबाई गाऊ लागली, आणि त्याचा मला अभिमानच वाटे. मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ जरूर पुसा. पण तुमच्या घरात कोणी हळूच गुणगुणत असेल, तर आधी माझ्यासारख्याला गप्प करा. आणि मागे वळून पाहू नका.