दगडाबाईचे भिंग

"थांबा सिस्टर! बादलीत टाकू नका!"

दैवशाला दारातूनच ओरडली. नर्सचा हात थबकला. तिच्या हातातल्या वाटीत आताच काढलेले मोतीबिंदूचे भिंग होते. चपट्या वाटाण्याएवढे, पिवळसर. दैवशालाने बाटली पुढे केली आणि ते अलगद आत घेतले.

"बाई, या कचऱ्याचं लोणचं घालता की काय?" ऑपरेशन करणारे डॉक्टर मास्कमधून हसले.

"सर, मी याच्यासाठीच तर आलेय."

सेलूच्या शाळेत नेत्रशिबिर भरले होते. दैवशाला मूळची इथलीच. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मधुमेहाने आधी त्यांची नजर गेली, मग पाय गेला, मग ते स्वतः गेले. "साखरेनं असं होतंच," एवढेच तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. कसे होते, ते कुणी सांगितले नाही. आता ती औरंगाबादला एका प्रयोगशाळेत त्याच प्रश्नाच्या मागे लागली होती. रक्तात साखर जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते, त्यांना कडक आणि तपकिरी करते, असे ती वाचत होती. डोळ्याच्या भिंगातली प्रथिने जन्मभर तीच राहतात. म्हणजे साखरेने केलेली नासाडी तिथे साठून राहिली असणार. ती तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

बाहेर व्हरांड्यात रांगेत बसलेल्या बायकांची नावे ती चिकटपट्टीवर लिहून घेत होती.

"दगडाबाई. वालूरची," एक पन्नाशीची, काटक बाई म्हणाली.

"साखरेचा आजार आहे का, मावशी?"

"छ्या! सकाळीच लघवी तपासली की. काय न्हाई म्हनले. मी काय शेटजी हाय का साखरेचा आजार व्हायला?" शेजारच्या बाया हसल्या. मग तिने आवाज खाली आणला. "माज्या डोळ्यातलं घिऊन तू काय करायलीस गं?"

"बघणार आहे, तुमचा डोळा कशानं झाकला ते."

"बग बाई. आन मलाबी सांग."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठ नामांतराच्या आंदोलनाने एस.टी. बंद होती. भिंगांच्या बाटल्या ठेवलेल्या थर्मासमधला बर्फ विरघळायच्या आत औरंगाबादला पोचायला हवे होते. दैवशाला स्टेशनकडे पळत सुटली आणि सुटत्या गाडीत कशीबशी चढली. थर्मास मांडीवर घेऊन बसली, तर समोरच्या बाईने विचारले, "च्या हाय का?"

"डोळे आहेत," दैवशाला म्हणाली. बाई पार खिडकीपर्यंत सरकली.

पुढचे काही आठवडे तिने भिंगे वाटली, त्यांची द्रावणे केली, गाळली. शेवटी एका दुपारी खिडक्यांना काळे कापड लावून तिने अतिनील दिवा पेटवला. साखरेने नासलेली प्रथिने त्या दिव्याखाली निळी चमकायला हवी होती. एका बाजूला मधुमेह नसलेल्यांच्या नळ्या, दुसऱ्या बाजूला असलेल्यांच्या. माणसे मुद्दाम एकाच वयाची निवडलेली. पहिल्या बाजूला अंधुक उजेड होता. आणि दुसऱ्या बाजूला नळ्या निळ्या पेटल्या होत्या! दैवशाला तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मग दार उघडून धावतच गेली आणि विभागप्रमुख रंगनाथ सरांना जवळजवळ ओढत घेऊन आली.

"सर, बघा! बघा ना!"

सर वाकले. एकेक नळी बघत गेले. "हे सुंदर आहे," शेवटी म्हणाले. मग त्यांचे बोट पहिल्या बाजूच्या एका नळीवर थांबले. तीही निळी पेटली होती. सगळ्यांत जास्त. "ही चुकली. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. काढून टाक."

दैवशालाने बाटली शोधली. चिकटपट्टीवर तिचेच अक्षर होते. दगडाबाई, वालूर.

"सर, पट्टी मी स्वतः लावलीय. नळी बरोबर असेल तर?"

"तर लघवीची तपासणी चुकली."

दैवशालाने ती नळी पुन्हा दिव्याखाली धरली.

"सर, लघवी त्या सकाळचं सांगते," दैवशालाचा श्वास फुलला होता. "बाई उपाशीपोटी आली असेल. भिंग वर्षानुवर्षांचं सांगतंय!"

"सिद्ध कर," सर उठत म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. "जा, रक्त घेऊन ये!"

वालूरच्या रस्त्यावर जीप आदळत होती आणि दैवशाला स्वतःशीच हसत होती. आपले बरोबर निघाले तर!

दगडाबाई ओट्यावर तुरी निवडत होती. डोळ्यावर हिरवी पट्टी. दैवशालाला बघून तिची सून सुमनबाई घाईने पुढे आली. "बरं झालं ताई, तुमी आलात. आत्याबाई, दावा की पाय."

"काय न्हाई गं. चुलीतला इंगळ पडला व्हता. दुकतबी न्हाई."

सुमनबाईने चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता. वास आला. दैवशालाच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. वडिलांचा पाय तिने असाच पाहिला होता.

"मावशी, आत्ता निघायचं. परभणीला."

"दुकत न्हाई म्हनलं की."

"दुखत नाही, तेच वाईट आहे. पाय बधिर झालाय."

रक्तात साखर भरमसाट निघाली. अंगठा आणि शेजारची दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला. आणखी थोडे दिवस गेले असते तर गुडघ्याखाली कापावा लागला असता, असे तिथले डॉक्टर म्हणाले.

दैवशालाने दवाखान्यातूनच सरांना ट्रंककॉल लावला. "सर, नळी बरोबर होती!" खरखरत्या लाइनीतून सरांचे ओरडणे ऐकू आले, "शाबास! शाबास गं!" रिसीव्हर ठेवल्यावर तिला एकाच वेळी हसूही येत होते आणि रडूही.

दगडाबाईने तिला खाटेवर जागा करून दिली. "मंग काय व्हतं माज्या डोळ्यात?"

"साखर, मावशी. लय वर्षांची, साठलेली."

"म्हंजी गोड डोळ्याची व्हते म्हन मी!" दगडाबाई खदखदून हसली. मग तिने वाकून पायाची पट्टी चाचपली.

घरी सोडले त्या दिवशी तिच्या नाकावर नवा, जाड भिंगांचा चष्मा होता. एस.टी. लागली. सुमनबाईने दंड धरायला हात पुढे केला, दैवशालानेही केला.

"सरा. मी चढते."

दगडाबाईने दांडा धरला आणि मान खाली घातली. बधिर पाय कुठे टेकला ते तिला कळत नव्हते. म्हणून ती बघत होती. पाय उचलला, पायरीवर ठेवला, नीट बसला की नाही ते चष्म्यातून पाहिले. मग दुसरा उचलला. मागे माणसे खोळंबली होती. कंडक्टरने घंटी वाजवली नाही. ती तशीच, एकेक पाऊल बघत, आत गेली.