हिरवं आतच राहिलं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, हे मला कबूल. पण मी चुकीचं दाखवतो असं जे म्हणाले, त्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात एका प्रयोगशाळेत मी तेवीस वर्षं आहे. इथले मदतनीस मोंगीकाका रोज सकाळी मऊ फडक्यानं माझी भिंगं पुसत. पुढे नवं यंत्र आलं. त्याला थंडगार खोली मिळाली, मला नळाजवळचा कोपरा. माझ्याकडे यायच्या त्या एकट्या डॉक्टर दुर्साफ.

एके दिवशी तेलाच्या घाण्यावर काम करणारी मब्रूका तिच्या नऊ वर्षांच्या तैसीरला घेऊन आली. पोरीला दर महिन्याला ताप यायचा आणि तोंडभर फोड. शाळेत म्हणत, नाटक करते. शेजारणी म्हणत, हरिसाची तिखट चटणी कमी चाटू दे.

दुर्साफबाईंनी तिचं रक्त घेतलं आणि त्याच काचेवर शेजारी स्वतःचंही ठेवलं. आपल्या पेशीत एक प्रथिन असतं. एरवी दुसरं एक रखवालदार प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर धरून ठेवतं. जंतूंची चाहूल लागली की पेशी रखवालदाराला मोडीत काढते, मग ते प्रथिन केंद्रकात शिरतं आणि लढाईची जनुकं चालू करतं. सूज येते, ताप येतो. काम झालं की पेशी नवा रखवालदार घडवते आणि तो त्याला बाहेर ओढतो. रंग दिला की ते प्रथिन माझ्या भिंगाखाली हिरवं चमकतं.

जंतूंचा अंश घातल्यावर दोन तासांनी दुर्साफबाईंच्या पेशींत हिरवं पुन्हा केंद्रकाबाहेर आलेलं होतं. तैसीरच्या पेशींत ते आतच होतं, म्हणजे लढाई थांबतच नव्हती.

विभागप्रमुख लस्सादसरांनी माझ्यात डोकावूनही पाहिलं नाही. माझ्यातून काढलेलं छायाचित्र हातात होतं, त्याकडे बघून म्हणाले, "या डबड्यावर कोण विश्वास ठेवणार? भिंगाला बुरशी लागली असेल."

मोंगीकाकांची मान खाली गेली. तेवीस वर्षं पुसलेलं भिंग ते!

दुर्साफबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, त्याच काचेवर माझंही रक्त आहे. बुरशी काय माणूस बघून लागते?"

सरांनी नवं यंत्र वापरू द्यायलाही नकार दिला. बाहेर बाकावर तैसीर तापानं फणफणत होती. तेव्हा मब्रूका हळूच आत आली.

"डॉक्टरीणबाई, माझं पण रक्त बघा. लहानपणापासून, चौतीस वर्षं मलाही हे फोड येतात. मला कुणी विचारलंच नाही कधी."

तिच्याही पेशींत हिरवं आतच अडकलं होतं. मग दुर्साफबाईंनी दोघींचे नमुने राजधानीत पाठवले. लढाई थांबवणारं एक जनुक दोघींतही बिघडलेलं निघालं. औषध सुरू झालं. गेल्या चार महिन्यांत तैसीरची शाळा एकदाही बुडालेली नाही.

आणि सरांच्या अहवालात काय छापून आलं? हा शोध नव्या यंत्रावर लागला! दुर्साफबाईंचं नाव शेवटी, बारीक अक्षरात. मायलेकींची माफी तर कुणीच मागितली नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राची भिंगं पुसा, ती अजून खूप दाखवतील. पण कुणी दुखतंय म्हणालं, तर त्याला खोटं ठरवण्याआधी एकदा नीट बघा. मब्रूकाकडे कुणीतरी बघावं यासाठी तिला चौतीस वर्षं थांबावं लागलं.