टेबलाच्या पायातलं रक्त

दोरा लाल होत गेला, तसे खोलीत दाटीवाटीने बसलेले वीस-पंचवीस जण माना उंचावून बघू लागले. एक टोक धाकटीच्या मनगटाला, दुसरं थोरलीच्या. सात वर्षांच्या जुळ्या बहिणी. मधे दोरेबाबा, पिवळ्या दोऱ्यावरून बोटं फिरवत.

"बघा, वाहतंय अजून. पोटात असल्यापासून ही थोरली हिचं रक्त पितेय. डॉक्टरांनी शिरा जाळल्या, नशीब कुठं जाळलं? दोघींना वेगळं करा. आणि थोरलीच्या दवाखान्याच्या खेपा बंद. पिणारीला कसला आलाय आजार?"

थोरलीला उद्याच मामाकडे धाडणार होते.

मी दवाखान्यातली नर्स. जन्माआधी ऑपरेशन होऊन वाचलेली मुलं तपासणीला आली नाहीत, की घरी जाऊन विचारायचं, हे माझं काम. चपला झिजतात, माणसं तिथेच. यात थोडी चूक आमचीही. डॉक्टरांनी तेव्हा आईला चित्र काढून दाखवलं होतं: वारेतल्या शिरांतून एकीचं रक्त दुसरीकडे जातंय, लेसरने त्या बंद करू. चित्र घरात जपून राहिलं. बंद झाल्या, हे त्यावर कुणी लिहिलं नाही. बाबांनी नेमकं तेच चित्र उचललं.

मी त्यांच्या पिशवीतला नवा दोरा काढला, टेबलाच्या दोन पायांना बांधला, मोरीतल्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोटं भिजवून त्यावरून फिरवली. दोरा लाल झाला.

"आता या पायाचं रक्त तो पाय पितोय," मी म्हटलं. कुणीतरी फिसकन हसलं. "दोऱ्याला हळद, बोटांना सोडा. एवढंच. बाबा, हात स्वच्छ पाण्याने धुऊन या, नवा दोरा घ्या आणि परत करून दाखवा."

बाबांना एकदम दुसरीकडे जायचं आठवलं.

"ताई, त्या शिरा केव्हाच बंद झाल्यात," मी आईला म्हटलं. "तेव्हा जास्तीचं रक्त थोरलीकडे यायचं, म्हणून ताण पडला तो तिच्याच हृदयावर. तपासायचं ते तिला."

"महिनाभरापासून दमतेय ती. त्यानेच का?"

"माहीत नाही. म्हणून तर तपासायचं."

थोरली मनगटाची गाठ सोडवत होती. "मावशी, मग मी पोटभर जेवले तर हिला काही होणार नाही ना?"

बाबा पहिल्यांदा येऊन गेल्यापासून पोर अर्धपोटी उठत होती. आईने तोंडाला पदर लावला. "काही होणार नाही," म्हणत मी तिची गाठ सोडवून दिली.

चमत्कार दिसला, की एकच विचारा: हेच माझ्या हाताने होतं का? तेवढं विचारायला शिक्षण लागत नाही. मला अजून चार घरं गाठायची आहेत, आणि पाय दुखतात.