परक्या गाडीचं चाक

त्या रविवारी बाबांनी अंगणात फाटकं पोतं अंथरलं आणि मोटरसायकल स्टँडवर घेतली, तेव्हा मी ओसरीवर वाचत बसले होते. आई मूल गावाला मावशीकडे गेली होती. घरात आम्ही दोघंच.

बाबा तीस वर्षं ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होते. निवृत्त होऊन गावी आल्यावरही दुसऱ्याने आवळलेला नट त्यांना कधी पटला नाही. गोंडपिपरीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडीच्या पुढच्या चाकाची रिम वाकली, तेव्हा नवी रिम घेण्याऐवजी ते चंद्रपूरच्या भंगारवाल्याकडून एक चाक घेऊन आले. चाक चांगलं होतं, पण दुसऱ्याच मॉडेलचं. शनिवारी ते चाक खांद्यावर टाकून ते चौकातल्या लोकेश मेकॅनिकच्या दुकानात गेले. साऱ्या गावाने त्यांना जाताना पाहिलं. लोकेशने चाक उलटसुलट करून पाहिलं आणि हे तुमच्या गाडीचं नाही, मी लावणार नाही, असं सांगून परत दिलं. बाबा मागच्या वाटेने घरी आले ते धुसफुसतच.

"मी टर्बाइन खोलली तवा हा पाळण्यात होता," ते मला म्हणाले, "अन् आता मले चाक शिकवून राह्यला."

अडचण चाकाची नव्हती, ब्रेकची होती. चाकाच्या मधोमध ब्रेकची गोल प्लेट असते. तिच्या कडेला एक खाच असते आणि गाडीच्या फोर्कवर लोखंडी खुंटा. खुंटा खाचेत पुरता बसला की ब्रेक दाबल्यावर प्लेट जागच्या जागी राहते. नाही बसला तर चाकाबरोबर प्लेटही गरकन फिरते. हे मला लहानपणी बाबांनीच दाखवलं होतं. मी दहा वर्षांची होईपर्यंत त्यांना पाने-पकडी मीच द्यायचे. नंतर मला पुस्तकं सापडली आणि पुढे चंद्रपूरच्या लायब्ररीत नोकरी.

नव्या चाकाची खाच अरुंद होती. बाबांनी सकाळभर कानस घासून ती रुंद केली, दोन वॉशर टाकले, ॲक्सल सरकवला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं.

"साधना, खुंटा पुरता आत गेला का, पाह्य बरं."

माझ्या कादंबरीची चाळीस पानं उरली होती. मी मान वर केली. ओसरीवरून मला बाबांची पाठ दिसली आणि चाकाचा वरचा अर्धा भाग.

"गेला," मी म्हटलं.

त्यांनी नट आवळला. गाडी अंगणातून दोनदा पुढे-मागे ढकलून ब्रेक दाबून पाहिला. लागला. खुंट्याचं टोक खाचेच्या कडेला कसंबसं अडलं असणार. मग आम्ही जेवलो. मी केलेली झिंग्यांची भाजी खाऊन ते म्हणाले की लायब्ररीत बसून माणसाचा हात बिघडतो, हे आता सिद्ध झालं. संध्याकाळी त्यांनी मला त्याच गाडीवर फाट्यापर्यंत सोडलं. माझ्या हातात पिशवी होती, त्यामुळे ते बैलगाडीच्या चालीने आले. चंद्रपूरची बस लगेच मिळाली. खिडकीतून मी हात केला की नाही, ते आता आठवत नाही.

सोमवारी सकाळी वळणावर गाय आडवी आली आणि बाबांनी जोरात ब्रेक दाबला. प्लेट फिरली, ब्रेकची तार तुटून चाकात गुंडाळली, चाक जाम झालं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते राहिले नाहीत. चाक या गाडीचं नाही, हे पंचनाम्यात लिहिलं गेलं. कोणी लावलं, हे पोलिसांनी विचारायच्या आधीच गावाला माहीत होतं.

आईलाही माहीत होतं. शनिवारी फोनवर बाबा तिला म्हणाले होते, लोकेशकडे नेतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती तेच सांगे आणि शेवटी माझ्याकडे वळे.

"काऊन गे साधना, त्यानंच लावलं ना?"

मी पहिल्या दिवशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी होकाराची मान हलवली. त्यानंतर रोज हलवत गेले. घर माणसांनी भरलेलं होतं. मी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसायचे, कारण तिथे कोणी काही विचारत नव्हतं. पुस्तक ट्रंकेवर पालथं पडलं होतं. कोणीतरी त्यावर तांदळाचा डबा ठेवला, आणि मी तो उचलला नाही.

दहाव्या दिवशी मी लोकेशच्या दुकानात गेले. सांगायचंच, असं ठरवून. एरवी तिथे चार-पाच गाड्या उभ्या असायच्या. त्या दिवशी एकही नव्हती. लोक आता गोंडपिपरीला गाड्या नेत होते. लोकेश रिकाम्या ट्यूबच्या ढिगावर बसला होता. मला पाहून उठला. त्याला वाटलं, मी भांडायला आले.

"ताई, मी चाक लावलं नाई," तो म्हणाला. "पण चुकी माहीच हाय. काकाले मोतीबिंदू होता, मले दिसत होतं. थे चाक मी दुकानातच ठेवून घ्याले पाह्यजे होतं."

माझ्या वाट्याचंही त्याने उचललं होतं. मी म्हटलं, पाणी दे. पाणी प्यायले आणि घरी आले.

तेरवीला अंगणात पंगत बसली. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. बाबांनी पोतं अंथरलं होतं त्या जागी चैतूमामा बसले होते. लोकेश उशिरा आला आणि कुंपणाजवळच थांबला. अंगावर धुतलेला शर्ट होता. कोणी त्याला सरकून जागा दिली नाही. आईने पाहिलं. ती ओरडली नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्याचं पान वाढू नका."

जेवणारे हात थांबले. लोकेशने मान खाली घातली. मग तो चप्पल शोधायला वळला.

मी बादली खाली ठेवली. चार पावलांवर आई होती. इतके दिवस मनात मी हे वाक्य चांगल्या मराठीत जुळवत होते. तोंडून आलं ते घरच्याच बोलीत.

"आई, थांबव त्याले. चाक बाबानं घरीच लावलं. लोकेशनं तं नाईच म्हटलं होतं. बाबाले दिसत नव्हतं म्हणून त्याईनं मले पाहाले सांगतलं. मी जाग्यावरून उठली नाई. मी न पाहताच हो म्हटलं."