हळदीतलं नाव

धवलारीण लग्नातले विधी गाऊन लावते आणि गाण्यात नवरानवरीची नावं घालते. १९९४ साली सापगावच्या सकुबाईने कल्याणच्या स्टुडिओत धवल्यांची, म्हणजे या लग्नगीतांची, कॅसेट केली, तेव्हा समोर लग्नच नव्हतं. नावं घालायची कुणाची? लेकीची, चिमीची, सोयरीक नुकतीच धर्माशी ठरली होती. सकुबाईने आनंदाने गायलं, ‘चिमीची हळद धर्माच्या दारी.’

कॅसेट बाजारात आली आणि सोयरीक मोडली. चिमीचं लग्न धसईच्या वाल्मिकशी झालं. पण शहापूरपासून मुरबाडपर्यंत मांडवामांडवात स्पीकरवर तिची हळद धर्माच्याच दारी जात राहिली. चिमी कुणाच्याही हळदीला मुद्दाम उशिरा जायची. वाल्मिक म्हणायचा, “इतकी वर्षं पाठीमागं हाय, आता त्या धर्माला जेवायलाच बोलव गो.” तिला हसू यायचं नाही.

२००६ मध्ये कंपनीने ती कॅसेट सीडीवर पुन्हा काढायचं ठरवलं. सकुबाई लेकीला घेऊन स्टुडिओत गेली.

“त्यातला धर्मा तेवढा काढ रे,” तिने रेकॉर्डिंग करणाऱ्या दीपेशला सांगितलं.

“मावशी, तुम्ही आणि मागच्या बायका एकाच माइकवर गायलात. एकटा शब्द सुटा होणार नाही. ते गाणंच गाळू का?”

“हळदीबिगर लगीन लागतं का?”

“मग तेवढं नवीन गा.”

सकुबाई गायला लागली. दुसऱ्याच ओळीला दम लागून ती खुर्चीत बसली.

“चिमे, तू गा. तुला सगळं येतंय.”

“आणि नाव?”

“जावयाचं घाल. चालीत बसतंय.”

“मी नाय त्यांचं नाव घेणार.” लग्नातल्या उखाण्यानंतर चिमीने ते घेतलं नव्हतं. घरात तो ‘प्रज्वलचा बाबा’ होता.

“मग ऱ्हाऊ दे धर्मा,” सकुबाई म्हणाली.

चिमीने डोक्यावर पदर घेतला, काचेपलीकडच्या दीपेशकडे पाठ केली आणि गायलं, ‘चिमीची हळद वाल्मिकच्या दारी.’ सकुबाईने बसल्या जागेवरून तिच्यामागे ओळ धरली.

धसईला सीडी लावली तेव्हा वाल्मिक पडवीत कोयत्याला धार लावत होता. त्याचा हात थांबला.

“प्रज्वल, मागं घे रे. परत लाव.”

“पुरे आता,” चिमी आतून म्हणाली. “सापगावला हळद हाय रविवारी, तिथं ऐका. लवकर निघू.”