रिकाम्या रकान्यातलं शून्य

आकडेवारी खात्यातल्या त्या माणसाला सगळे 'पाचपैकी' म्हणत. बिचाऱ्याचं कामच तसं. इस्पितळं हिंडायची आणि विचारायचं, जंतुसंसर्गाचा आमचा मासिक तक्ता तुम्हाला कितपत उपयोगी पडतो, पाचपैकी गुण द्या. लोक तीन देत. तीन दिले की हा लवकर टळतो, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

आज मात्र त्याचं कशातच चित्त नव्हतं. त्याची आई याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते, टाके लालबुंद झाले होते आणि दोनदा औषध बदलूनही ताप हटत नव्हता. तो मजला निवडला होता यानेच. धाकट्या बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की तक्ता माझ्या हातातला आहे, तिथे वर्षभर शून्य संसर्ग. आता बहीण फोनवर फक्त ताप किती आहे तेवढंच विचारत होती. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर अर्धा तास ताटकळत ठेवून भेटल्या. त्यांचा वॉर्ड तक्त्यात दर महिन्याला लाल. त्यांनी पाचपैकी काहीच दिलं नाही. याने कारण विचारलं, तेही पुढची ओळ भरायची म्हणून. सिस्टरनी चष्मा काढून डोळे चोळले आणि सांगायला लागल्या. जखम जरा वेगळी दिसली की त्या नमुना तपासायला पाठवतात, म्हणून जंतू सापडतात, म्हणून वॉर्ड लाल. मग मीटिंगमध्ये त्यांनाच धारेवर धरतात. कोणतं औषध लागू पडत नाही ते वेळेत कळल्यामुळे त्यांची माणसं बरी होऊन घरी जातात, पण त्यासाठी तक्त्यात जागाच नाही.

"आणि तिसरा मजला?" याने विचारलं.

"वर्षभरात एकही नमुना पाठवलेला नाही त्यांनी. त्यांचा कागद कोराच येतो तुमच्याकडे. शून्य तुम्ही घालता."

खरंच होतं ते. रकाना रिकामा राहिला की संगणक पुढे सरकू देत नसे. पाच वर्षांपूर्वी वैतागून यानेच तिथे आपोआप शून्य पडेल अशी सोय करून घेतली होती आणि साहेबांनी पाठही थोपटली होती. आता स्वतःचीच चीड आली, पण चिडायलाही अंगात त्राण लागतं.

तो जिना चढून वर गेला. आई डोळे मिटून पडली होती. कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. ती पुटपुटली, की उगीच यांच्या मागे लागू नकोस, किती स्वच्छ ठेवतात बघ. तो तडक नर्सच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, आईच्या जखमेचा नमुना आत्ताच्या आत्ता तपासायला पाठवा.

नर्स मनाने चांगली होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आवाज खाली आणून, लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली, "दादा, नमुना पाठवला आणि त्यात काही निघालं, तर आमचं वर्षभराचं शून्य जाईल. तो तक्ता पार वरपर्यंत जातो हो. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."